रुसलेला हात

“हाताला काही झालेलं नाही, तो नुसता माझ्यावर रुसलाय,” असं रंगमास्तर एकदा म्हणाले होते.

म्हणाले तेव्हा ते जेवायला बसले होते आणि चमचा त्यांच्या बोटांतून निसटून खाली पडला होता. शेजारी त्यांचा मेहुणा होता. दाजी असंच काहीतरी बोलून वेळ मारून नेणार हे त्याला ठाऊक होतं, म्हणून त्याला हसू आलं. पण चमचा उचलून परत देताना त्याने तो हात जवळून पाहिला आणि तो हसायचा थांबला. तळहातावर भेगाच भेगा होत्या. भेगांच्या कडा पांढऱ्या, जाड, वाळलेल्या मेणासारख्या, आणि आत लाल ओल. अंगठ्याच्या मुळाशी तर कातडी अशी ताणलेली की बोट वळवलं असतं तर फाटण्याचा आवाज आला असता.

एवढी वर्षं तो या माणसाच्या खांद्याला खांदा लावून रंगाच्या हौदावर उभा होता, पण हात त्याने पाहिला नव्हता. एकत्र राबणारी माणसं एकमेकांचे हात पाहत नाहीत. हातांनी काय केलं तेवढं पाहतात.

गल्लीच्या टोकाला सूत रंगवायचा कारखाना होता. लांबट शेड, वर पत्रा, एका रांगेत हौद, हौदांवर आडव्या दांड्या आणि दांड्यांना लटकलेल्या सुताच्या लडी. जमीन कधी कोरडी म्हणून नसायची. मधून गटार वाहायचं आणि त्यातल्या पाण्यावरून सगळ्या गल्लीला कळायचं की आज कोणता रंग चाललाय. मेहुणा इथे लागला तो बहिणीचं लग्न मास्तरांशी झाल्यावर. लोक त्याला तोंडावर म्हणायचे, “बहिणीच्या पुण्याईवर हौद मिळाला लेका तुला.” तो म्हणायचा, “मग तुम्हीही बहीण शोधा.” पण मनातून त्याला माहीत होतं की पुण्याईवर हौद मिळतो, हात मिळत नाही.

हात मास्तरांचा होता. रंग चढला की सूत पाण्यामागून पाण्यात धुवायचं असतं, कारण त्यात क्षार राहिलेला असतो. तो राहिला तर माल दिसायला झकास, पण ठेवल्या जागी कुजतो, डाग धरतो, ओढला की तुटतो. क्षार आहे तोवर ओलं सूत बोटांमध्ये साबणासारखं घसरतं. गेला की बोटाला धरून राहतं. मास्तर बाही वर करून हौदात हात घालायचे, लड अंगठ्याने दाबायचे, डोळे मिटायचे. मग एकच शब्द. “अजून.” किंवा “झालं.” त्या शब्दावर ट्रक भरायचे. मालकांनी परीक्षेच्या कागदी पट्ट्यांचा डबा कधीचा आणून ठेवला होता. क्षार असला की पट्टीचा रंग बदलायचा. डब्यावर धूळ बसली होती.

आता या हातावर रंग बसणारच. निळं काम असलं की नखं निळी, लाल असलं की मनगटापर्यंत लाल. गल्लीतली पोरं संध्याकाळी वाट अडवून विचारायची, “काका, आज कुठला?” मास्तर हसून पुढे जायचे, पण हात खिशात घालून. मेहुण्याला त्याचं कारण माहीत होतं. बहिणीच्या लग्नात तो लहान होता. फोटो काढणाऱ्याने नवऱ्या मुलाचे जांभळे हात पाहिले आणि सगळ्यांदेखत म्हणाला, हात जरा मागे घ्या, फोटो खराब होईल. नवऱ्या मुलाने घेतले मागे. फोटोत मास्तर हात मागे बांधलेल्या कैद्यासारखे उभे आहेत. त्या दिवशी जी लाज आत शिरली ती कुठल्या धुलाईत निघाली नाही.

म्हणून पांढरं पाणी. सुतावर चुकीचा रंग चढला तर तो उतरवायला जे जहाल पाणी असतं, त्याला सगळे नुसतं पांढरं पाणी म्हणायचे. सुटी झाली की त्याची बादली नळाखाली यायची आणि प्रत्येक जण तीत हात बुडवायचा. बाकीचे बुडवून काढायचे. मास्तर कोपरापर्यंत धरून उभे राहायचे. धाग्याला जे लागतं तेच हाताला लागतं, असं त्यांचं साधं गणित होतं. आधी रंग उतरवायचा, मग सोड्याने घासायचं, आणि शेवटी, सुताला मऊपणा यावा म्हणून जे दाट पांढरट पाणी देतात, तेच हातावर चोळायचं. जन्मभर कापड सुधारलेल्या माणसाला कातडी म्हणजे कापडच वाटली, यात नवल ते काय! हात तासभर लोण्यासारखा लागायचा. सकाळी वाळलेल्या चामड्यासारखा.

मग भेगा पडायला लागल्या. भेगेत रंग जास्त बसतो. भेगेतला रंग काढायला पांढरं पाणी जास्त लागतं. पांढऱ्या पाण्याने भेग आणखी उघडते. या चक्रात किती काळ गेला ते मास्तरांनी कुणाला सांगितलं नाही. बहिणीला मात्र कळत होतं. ती घरी शिवणकाम करायची आणि कापायच्या वेळी मास्तर समोरून कापड ताणून धरायचे. आता त्यांच्या हाताला कापडाचे धागे अडकून ओढले जाऊ लागले. तिने एकदा नुसतं कापड त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि खुर्चीच्या पाठीला बांधलं. सकाळी शर्टाची बटणंही तीच लावून द्यायला लागली. संसारात बोलण्यासारख्या गोष्टी फार नसतात. असतात त्या एकमेकांसमोरून उचलून बाजूला ठेवायच्या असतात.

पहिला धीर केला तो मास्तरांच्या लेकीने. ती एका मोठ्या दुकानात चेहऱ्याच्या क्रीमच्या काउंटरवर उभी राहायची. बापासाठी तिने तिथून पिशवी भरून आणली. दाणेदार साबण, धुतल्यावर लावायचं पाणी, त्याच्यावरचा अर्क, अर्कावरची मलई, झोपताना फळांच्या आंबटाचं काहीतरी. फळीवर बाटल्या ओळीने लागल्या तेव्हा मास्तरांना बरं वाटलं. ती ओळ त्यांना ओळखीची होती. हौदावरची कृती असावी तसं त्यांनी ते सगळं क्रमाने, हिशोबाने रोज लावायला सुरुवात केली. ते कारखान्यात शिरले की आधी वास शिरायचा. मेहुणा म्हणाला, “दाजी, तुम्ही आलात का बाग आली?” आणि हौदावरचे सगळे हसले. मास्तरही हसले. आठवडा उलटायच्या आत हातातून पाणी झरायला लागलं.

लेक जिन्यात बसून रडली. मेहुणा तिची समजूत काढायला गेला, पण आई आधीच तिथे पोचली होती. ती रागावली नाही, तिने आपल्या शिवणाच्या धंद्यातलंच सांगितलं.

“तू आणलंस ते धड चेहऱ्यांसाठी आहे गं. फाटलेल्याला इस्त्री करत नाहीत.”

दुसऱ्या दिवशी मेहुण्याने दाजींना कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं, म्हणजे जवळजवळ ढकलतच. बाईंनी दिव्याखाली हात उलटापालटा केला आणि विचारलं, रोज काय काय करता. मास्तरांनी सगळं सांगितलं, पांढऱ्या पाण्यापासून आंबट फळांपर्यंत, क्रमाने, एखाद्या कठीण रंगाची कृती सांगावी तसं. आवाजात थोडा अभिमानही होता. बाई ऐकत राहिल्या.

“तुम्ही हात धूत नाही,” त्या म्हणाल्या, “सोलताय.”

मग त्यांनी जे सांगितलं ते मेहुण्याला पुढे कायम लक्षात राहिलं, कारण ते इतकं थोडं होतं. कातडीचं स्वतःचं एक पातळ तेल असतं, ते तिला सांधून धरतं. सोडा, क्षार आणि पांढरं पाणी तेच आधी नेतात. तेव्हा बाहेरून काय घालायचं हा प्रश्नच नाही, आतलं जाऊ द्यायचं नाही एवढंच. कोमट पाणी, गरम नाही. बिनवासाचा सौम्य साबण, तोही जपून. पुसताना घासायचं नाही, टिपायचं. हातावर थोडी ओल असतानाच साधं व्हॅसलीन, जाड नाही, पुरेसं. कामावर आत सुती हातमोजा आणि वर रबरी. सुती घामाने भिजला की बदलायचा. लाल जागांवर एक औषध, त्या सांगतील तोवरच. फळीवरच्या बाटल्या लेकीला परत. पांढरं पाणी बंद. आणि उघडा हात हौदात नाही, कधीच नाही. ही कातडी इतक्यांदा भाजली आहे, त्या म्हणाल्या, की आता ती माफ करत नाही. असंच चाललं तर बोटं वळायची थांबतील आणि मग औषध नाही.

“एवढंच?” मास्तरांनी विचारलं.

“एवढंच. अवघड तेच असतं.”

परतताना दोघे पायीच निघाले. मास्तरांच्या मनात काय आहे ते मेहुण्याला दिसत होतं. शेवटी ते म्हणाले की हात घातल्याशिवाय सूत कळणार कसं. मेहुण्याने पट्ट्यांची आठवण करून दिली. पट्टीला क्षार कळतो, मास्तर म्हणाले, सूत कळत नाही. आणि मग, कारखाना दिसायला लागल्यावर, अगदी हळू, “हात गेला तर मी हौदाशी कोण?” हात ठेवायचा तर हौद सोडायचा, हौद धरायचा तर हात जायचा. असा पेच त्याने कुणावर पडलेला पाहिला नव्हता.

बहिणीने जुन्या चादरीवर मास्तरांचा पंजा ठेवून खडूने आखला आणि सुती हातमोजे शिवले, बरेच, म्हणजे एक हातात, एक खिशात, बाकी दोरीवर. मोरीतल्या फळीवर आता साबणाची एक वडी आणि व्हॅसलीनची एक डबी राहिली. एवढी मोकळी फळी पाहून मास्तर पहिल्यांदा अस्वस्थ झाले. काहीतरी चुकतंय, काहीतरी घालायचं राहिलंय, असं त्यांना वाटत राहायचं. व्हॅसलीन जास्त लावलं तर हातमोज्यात हात भिजून पांढरा पडायचा, कमी लावलं तर ओढायचा. ते थोडं थोडं बदलत, बघत, त्यांना पुरेसं म्हणजे किती ते सापडलं. मेहुण्याला ते पाहून गंमत वाटली. रंगाची तोळाभर चूक न करणारा माणूस, पण स्वतःच्या हाताचं माप त्याला आता या वयात लागत होतं.

सगळ्यात जड गेलं ते रंग अंगावर ठेवणं. हातमोजे घातले तरी मनगटावर रंगाचं कडं उमटायचंच, आणि नखांतला जुना रंग तर काही हलायला तयार नव्हता. बाई म्हणाल्या होत्या की रंग म्हणजे मळ नव्हे, कातडी स्वतः झडते तेव्हा तोही जातो, घाई करू नका. पण जेवताना ते लाल मनगट समोर घेऊन बसणं मास्तरांना नको व्हायचं. सुरुवातीला ते बाही खाली ओढायचे. गल्लीतल्या पोरांनी पांढरे हातमोजे पाहून विचारलं, “काका, जादूगार झालात का?” मास्तर थांबले, हातमोजा काढला आणि मनगट दाखवलं. “हिरवा,” ते म्हणाले. मेहुणा मागे होता. खिशाबाहेर आलेला तो हात त्याने पाहिला आणि उगीचच आपली चप्पल नीट करायला वाकला.

हात भरत आला. भेगांच्या जागी आधी गुलाबी, मग मातकट, मग नुसती कातडी आली. एका सकाळी मास्तरांनी बटणं स्वतः लावली. बहीण सवयीने समोर येऊन उभी राहिली होती. तिला करायला काही उरलं नाही, तर तिने कॉलर झटकली आणि आत गेली.

पण हौद हौद असतो. काळ्या मालाचा दिवस होता. आता मास्तरही पट्टीच वापरायचे, पण आज ती काही धड सांगेना. काळ्या पाण्यात भिजली की पट्टीच काळी. लोक खोळंबले होते. मास्तरांनी इकडेतिकडे पाहिलं, हातमोजे काढले आणि हात आत घातला. एकदाच. डोळे मिटून त्यांनी लड दाबली तेव्हा त्यांचा चेहरा इतका निवांत झाला की मेहुण्याने हटकायला उघडलेलं तोंड मिटलं. माल उत्तम गेला. हात मात्र आठवडाभरात पुन्हा फुटला, आधीपेक्षा खोल, आणि यावेळी दोन बोटं सुजून ताठ झाली. डॉक्टरीणबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त ती बोटं वळवून पाहिली आणि म्हणाल्या, यावेळी येतील परत, पुढच्या वेळचं मी सांगत नाही.

मालक वाईट माणूस नव्हते. त्यांनी बरं होईपर्यंत घरी राहायला सांगितलं, डॉक्टरकडे जायला आपली गाडी पाठवली. मधल्या काळात हौद मेहुण्याकडे आला. तो पट्ट्यांवर काम करायचा, नेमाने, भीत भीत. एक फिकट निळा माल त्याच्या हातून गेला आणि डाग धरून परत आला. मालक त्या लडींकडे पाहत उभे राहिले. त्या रात्री घरी जाताना मेहुण्याच्या मनात एक विचार येऊन गेला आणि त्याची त्याला शरम वाटली. दाजींचा हात परत हवा होता त्याला, पण दाजींसाठी नाही. हौदासाठी.

मास्तर परतले तेव्हा थंडी सरत आली होती. बोटं वळत होती. पाणी, साबण, टिपणं, डबी, हातमोजे, हे सगळं आता ते विचार न करता करायचे, माणूस दार लोटून कडी घालतो तसं. पट्टी ते आता निथळलेल्या पाण्यात बुडवायचे, जिथे रंग कमी असतो तिथे, आणि शंका आली की सरळ आणखी एक पाणी द्यायचे. वेळ जास्त जायचा. माल परत येत नव्हता, पण उशिरा निघायचा, आणि उशीर फाटकाशी उभ्या ट्रकला दिसतो, परत न आलेला माल कुणाला दिसत नाही.

शेवटी तो दिवस आला. सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाचा गडद निळा माल हौदात होता. एक पट्टी झालं म्हणत होती, दुसरी किंचित कां कू करत होती. मास्तर म्हणाले, एक पाणी अजून देऊ. तेवढ्यात मालक स्वतः हौदापाशी आले. ट्रक केव्हाचा उभा होता.

“मास्तर,” ते अगदी आर्जवाने म्हणाले, “मागे डाग पडले ते मी विसरलेलो नाही. पट्टीवर माझा जीव बसत नाही. एकदा हात घाला. रोज म्हणत नाही मी. एकदाच.”

हौदांवरची हालचाल थांबली. वाफ तेवढी वर जात राहिली. मास्तरांनी सांगून पाहिलं, साध्या शब्दांत, की डॉक्टरांनी काय म्हटलंय, आणि आणखी एक पाणी दिल्याने काही बिघडत नाही. मालक मान हलवत ऐकत होते, जसं माणूस संपायची वाट पाहत ऐकतो. मग ते म्हणाले, एवढी वर्षं तुमच्या शब्दावर माल गेला, आज मला तुमचा शब्द हवाय, कागदाचा नको.

ते वाक्य मास्तरांना लागलं हे मेहुण्याने पाहिलं. जन्मभर ज्याची वाट पाहिली ते वाक्य असं, या वेळी, या कामासाठी मिळालं होतं. आता मेहुण्याने मध्ये पडायला हवं होतं. त्याच्याकडे बोलायला पुष्कळ होतं. पण परत आलेल्या लडी त्याच्याच होत्या, आणि त्याच्या जिभेवर जो शब्द येऊन बसला होता तो मालकांचाच होता, ‘एकदाच’. स्वतःचाच त्याला राग आला आणि तो बाही वर करायला लागला.

“मी घालतो.”

“तुला कळतं?” मास्तरांनी विचारलं.

“नाही.”

“मग तुझा हात कशाला जाळतोस?”

त्याची वर केलेली बाही त्यांनी खाली ओढली, लहान पोराची ओढावी तशी. मग त्यांनी आपले रबरी हातमोजे काढले, त्याखालचे सुती काढले. मालकांनी सुटकेचा श्वास सोडला. मेहुण्याला त्या वाफेत ते हात दिसले, सलग, कुठे भेग नाही, मनगटाभोवती निळं कडं. हौदावर ओणवं होण्यासाठी एकाने वाट करून दिली.

मास्तर नळाकडे गेले. गरम आणि गार पाणी त्यांनी तसराळ्यात मिसळलं, कोपराने अंदाज घेतला. खिशातल्या कागदातून वडीचा तुकडा काढून हात धुतले, बोटांच्या बेचक्यांतून, सावकाश. सगळे पाहत होते. मालकांना वाटत होतं हौदात घालायच्या आधीची ही काही तयारी असावी, आणि ते धीर धरून उभे होते. मास्तरांनी फडक्याने हात टिपले. डबी उघडली, बोटाच्या टोकावर थोडं घेतलं, तळहाताला लावलं, मग मागच्या बाजूला, मग प्रत्येक पेराला, नखांच्या कडांना. जास्त नाही, कमी नाही. डबी बंद केली. दुसऱ्या खिशातून कोरडे हातमोजे काढले आणि एकेक बोट नीट बसवत घातले.

मेहुणा पुढे झाला, “दाजी” म्हणाला. मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात राग नव्हता. मग ते हौदांच्या रांगेतून, मालकांच्या समोरून, फाटकाशी उभ्या ट्रकच्या कडेने बाहेर गेले.